प्रा. सी. आर. राव : वर्गातील एका प्रश्नाचा इतिहास

हैदराबाद शहराच्या पश्चिमेस, केंद्रीय विद्यापीठाच्या आवाराजवळून जाणाऱ्या एका रस्त्यास ‘प्रा. सी. आर. राव मार्ग’ असे नाव आहे. रस्त्यांना राजेरजवाड्यांची, देशभक्तांची आणि मंत्र्यांची नावे देण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापकाचे नाव, तेही त्यांच्या हयातीतच, रस्त्याला दिले जावे ही गोष्ट मात्र विरळा म्हणावी लागेल. ज्यांचे नाव त्या पाटीवर आहे त्यांनी ना कधी निवडणूक लढविली, ना कोणती चळवळ उभारली. त्यांनी आयुष्यभर शिकविले, लिहिले आणि गणिते सोडविली. २२ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाची १०२ वर्षे पूर्ण करून, ते अमेरिकेत निवर्तले.

कल्यमपुडी राधाकृष्ण राव हे त्यांचे पूर्ण नाव. विसाव्या शतकात संख्याशास्त्राला आजचे रूप ज्यांनी दिले त्या मोजक्या विद्वानांत त्यांची गणना होते. जगातील कोणत्याही विद्यापीठात या विषयाचे पदव्युत्तर पाठ्यपुस्तक उघडले तर त्यात त्यांचे नाव जोडलेले एखादे तरी प्रमेय आढळतेच. या कीर्तीचा पाया असलेला सिद्धांत मात्र एका विद्यार्थ्याने वर्गात सहज विचारलेल्या प्रश्नातून जन्मास आला, आणि तो विद्यार्थी मराठी होता, ही गोष्ट संख्याशास्त्राच्या अभ्यासकांबाहेर फारशी कोणास ठाऊक नाही.

पहाटेचा दिवा

राव यांचा जन्म १० सप्टेंबर १९२० रोजी हूविन हडगली या गावी झाला. तेव्हा हे गाव मद्रास इलाख्यातील बळ्ळारी जिल्ह्यात होते. आज ते कर्नाटकात आहे. घराणे तेलुगूभाषक. दहा भावंडांत हे आठवे अपत्य, आणि देवकीचा आठवा पुत्र श्रीकृष्ण, म्हणून मुलाचे नाव राधाकृष्ण ठेवले गेले. वडील पोलीस खात्यात निरीक्षक होते. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलांच्या शाळाही बदलत गेल्या. गुडूर, नुझविड, नंदिगामा अशी गावे करीत हे कुटुंब अखेर विशाखापट्टणम येथे स्थिरावले.

मुलाची गणितातील गती वडिलांच्या ध्यानी लवकर आली. पण त्याला अभ्यासाची शिस्त लावली ती आई लक्ष्मीकांतम्मा यांनी. त्या रोज पहाटे चार वाजता मुलाला उठवीत आणि तेलाचा दिवा लावून देत. त्या शांत वेळी मन ताजे असते, तेव्हा अभ्यास करावा, असा त्यांचा आग्रह असे. पुढे जगभरचे मानसन्मान मिळविलेल्या प्राध्यापकांनी आपला एक ग्रंथ आईला अर्पण केला, तेव्हा त्या पहाटेच्या दिव्याचाच कृतज्ञतेने उल्लेख केला. ज्या घरांत शिक्षणासाठी आईने दिवा राखला त्या घरांच्या कथा भारतात सर्वत्र सारख्याच आहेत. त्यांतील एका कथेचा शेवट रॉयल सोसायटीत झाला एवढाच काय तो फरक.

आंध्र विद्यापीठातून राव यांनी गणितात एम. ए. ची पदवी प्रथम वर्गात संपादन केली. वर्ष होते १९४०. महायुद्ध सुरू झाले होते आणि केवळ गणित येणाऱ्या तरुणाला पोटापाण्याचा मार्ग सहजी सापडत नव्हता. सैन्याच्या सर्वेक्षण विभागात गणितज्ञाची जागा आहे असे कळल्यावरून ते मुलाखतीसाठी कलकत्त्यास गेले. ती नोकरी काही मिळाली नाही. परंतु मुक्कामाच्या ठिकाणी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या एका गृहस्थाची गाठ पडली आणि त्याच्याकडून या संस्थेची माहिती त्यांना मिळाली. १ जानेवारी १९४१ रोजी ते त्या संस्थेत दाखल झाले. हुकलेली नोकरी हेच भाग्याचे दार ठरावे असा हा योग होता.

कलकत्त्यातील वर्ग

इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्थापना प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली केली. महालनोबीस मूळचे भौतिकशास्त्राचे अध्यापक. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्रयोगशाळेतील एका कोपऱ्यात सुरू झालेले हे काम पुढे बराहनगर येथे एका मोठ्या संस्थेच्या रूपाने वाढले. पिकांचे अंदाज, पूर, लोकांच्या शरीरांची मोजमापे, घरखर्चाच्या पाहण्या असे नाना विषय तेथे हाताळले जात. आकडा हा कागदावर जन्मत नाही, तो शेतात, नदीकाठी आणि माणसांच्या घरात जन्मतो, ही दृष्टी महालनोबीसांनी आपल्या सहकाऱ्यांना दिली. १९४१ साली त्यांच्याच पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या तुकडीत राव होते. १९४३ साली ते सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाले आणि लगेच त्याच विद्यापीठात शिकवूही लागले.

ही वर्षे बंगालच्या इतिहासातील अत्यंत काळी वर्षे. १९४३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मेली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेने मेलेल्यांची प्रेते दिसत होती. शहरावर जपानी विमानांच्या हल्ल्यांचे सावट होते. अशा काळात, अशा शहरात, एक चोवीस वर्षांचा तरुण अध्यापक मूठभर विद्यार्थ्यांना आकलनाचा सिद्धांत शिकवीत होता.

आकलन म्हणजे काय? संपूर्ण समुदाय मोजणे शक्य नसते, म्हणून त्याचा एक नमुना घ्यावयाचा आणि त्यावरून समुदायाविषयी अनुमान करावयाचे. जिल्ह्यातील सगळी शेते कापून तोलता येत नाहीत. निवडक वाफ्यांतील भात तोलून एकूण पिकाचा अंदाज करावा लागतो. हा अंदाज किती चुकेल हा खरा प्रश्न. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात ‘माहिती’ या शब्दाला एक नेमका गणिती अर्थ दिला होता, आणि नमुना अतिशय मोठा असेल तर अंदाजाचे प्रसरण, म्हणजेच त्याचा विस्कळीतपणा, या ‘माहिती’ने ठरविलेल्या मर्यादेखाली जाऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले होते. १९४४ सालच्या त्या वर्गात राव हेच विवेचन करीत होते.

तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, की मोठ्या नमुन्याचे हे झाले. पण नमुना लहान असेल तर? तेथेही अशी काही मर्यादा सांगता येईल काय?

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव विनायक महादेव दांडेकर. जन्म सातारचा, ६ जुलै १९२० चा. म्हणजे शिष्य गुरूपेक्षा दोन महिन्यांनी मोठाच होता. प्रश्न साधा होता, पण वर्मावर बोट ठेवणारा होता. कारण व्यवहारात नमुना नेहमी लहानच असतो. पैसा थोडा, माणसे थोडी, वेळ थोडा. अनंताकडे जाणाऱ्या नमुन्याचा सिद्धांत ऐकून शेतावर उभ्या असलेल्या पाहणी-कामगाराने काय करावे? त्या क्षणी अध्यापकापाशी उत्तर नव्हते. राव घरी गेले आणि रात्रभर त्या प्रश्नावर काम करीत राहिले. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा नमुना कितीही लहान असला तरी लागू पडणारी असमानता त्यांच्या हाती होती. तिची सिद्धता अवघ्या काही ओळींची आहे. गणितातील एका जुन्या, सर्वपरिचित असमानतेचा तिच्यात उपयोग केलेला आहे. इतकी सोपी गोष्ट तोवर कोणाला का सुचली नाही असे आज वाटते. पण मोठ्या शोधांच्या बाबतीत हे असे नेहमीच वाटत आले आहे.

या सिद्धांताचा आशय गणित न जाणणाऱ्यासही समजण्यासारखा आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. नमुन्यात जेवढी माहिती आहे तिच्यापेक्षा अधिक अचूकपणा कोणत्याही युक्तीने, कितीही चतुर सूत्राने काढता येत नाही. निःपक्षपाती अंदाज करणाऱ्या सर्वांना ही मर्यादा सारखीच लागू आहे. आडात किती पाणी आहे याचे माप या असमानतेने हाती दिले आणि आपला पोहरा किती भरला आहे हे तपासून पाहण्याची सोय झाली.

१९४५ साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेत हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच मोजक्या पानांत आणखी दोन स्वतंत्र विचार होते. एखादा ओबडधोबड अंदाज हाती असेल तर त्यावर पद्धतशीर संस्कार करून तो सुधारता येतो, हा एक. आणि दोन संभाव्यता-वितरणांमधील अंतर भूमितीच्या साहाय्याने मोजता येते, हा दुसरा. पहिल्या विचाराला पुढे राव-ब्लॅकवेल प्रमेय असे नाव पडले, कारण अमेरिकन गणिती डेव्हिड ब्लॅकवेल यांनी तो १९४७ साली स्वतंत्रपणे मांडला. दुसऱ्यातून काही दशकांनी ‘माहितीची भूमिती’ ही संपूर्ण शाखाच उदयास आली. मूळ असमानता स्वीडनचे हारल्ड क्रामेर यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात दिली असल्यामुळे ती ‘क्रामेर-राव असमानता’ म्हणून ओळखली जाते. फ्रान्समध्ये मॉरिस फ्रेशे यांनीही १९४३ साली याच दिशेने विचार केलेला होता. महायुद्धाच्या धामधुमीत एका देशातील पत्रिका दुसऱ्या देशात पोहोचत नव्हती आणि एकच सत्य निरनिराळ्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्यांना गवसत होते.

दांडेकरांचे नाव त्या असमानतेला जोडलेले नाही, आणि प्रश्नाला नाव देण्याची शास्त्रात रीतही नाही. राव यांनी मात्र आपल्या शोधाची हकिगत सांगताना त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा उल्लेख नावानिशी केला. शिष्याचे ऋण मान्य करण्यात त्यांना संकोच वाटला नाही.

हाडांपासून उंदरांपर्यंत

१९४६ साली केंब्रिजच्या मानवशास्त्र संग्रहालयास एका वेगळ्याच कामासाठी मदत हवी होती. सुदानमधील जेबेल मोया येथे हेन्री वेलकम यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी केलेल्या उत्खननात मिळालेले प्राचीन मानवी सांगाडे तेथे पडून होते. त्यांची मोजमापे घेऊन ती माणसे आसपासच्या कोणत्या लोकसमूहांशी मिळतीजुळती होती हे ठरवायचे होते. दोन समूहांमधील ‘अंतर’ एकाच वेळी अनेक मापांवरून काढण्याची पद्धत महालनोबीस यांनी १९३६ साली पूर्णत्वास नेली होती, म्हणून केंब्रिजने कलकत्त्याकडे माणसे मागितली. त्या कामासाठी राव इंग्लंडला गेले. १९५५ साली या संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर रामकृष्ण मुखर्जी, राव आणि जॅक ट्रेव्हर अशी तीन नावे आहेत.

सांगाड्यांचे काम करीत असतानाच राव यांनी फिशर यांच्याकडे पीएच. डी. साठी नाव घातले. फिशर तेव्हा केंब्रिजमध्ये आनुवंशिकीचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेत उंदीर पाळलेले असत. राव यांनी त्या उंदरांवरही काम केले. प्रबंधाचा विषय मात्र तुझा तू शोध, अशी फिशर यांची अट होती. राव यांना विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. एखादी व्यक्ती अनेक ज्ञात समूहांपैकी कोणत्या समूहातील असावी हे तिच्या मोजमापांवरून कसे ठरवावे, हाच त्यांचा विषय झाला. १९४८ साली त्यांना पदवी मिळाली आणि त्याच वर्षी, ‘स्कोअर चाचणी’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेली परीक्षणपद्धतीही त्यांनी प्रकाशित केली.

याच सुमारास त्यांचा तो प्रश्नकर्ता विद्यार्थी पुण्यास मोजमापांच्याच कामात गुंतला होता. डॉ. इरावती कर्वे यांच्याबरोबर दांडेकरांनी केलेला महाराष्ट्रातील मानवमितीचा अभ्यास डेक्कन कॉलेजने १९५१ साली प्रसिद्ध केला. पुढे दांडेकर गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले. नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या १९७१ च्या ‘भारतातील दारिद्र्य’ या अभ्यासाने, माणसाला दिवसाला २२५० कॅलरींचे अन्न मिळण्यास किती खर्च येतो, या हिशेबावरून दारिद्र्याची रेषा आखली. १९८३ साली नेमलेल्या व त्यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या समितीने महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा शोध घेतला आणि ‘अनुशेष’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या रोजच्या वापरात आला. वर्गात ज्याला अनंत नमुन्याचे समाधान पुरले नाही, त्याने पुढे आयुष्यभर हाती असलेल्या अपुऱ्या आकड्यांतून माणसांचे खरे दुःख मोजण्याचा प्रयत्न केला. ३० जुलै १९९५ रोजी दांडेकर निवर्तले.

शिष्यांना मोकळी वाट

१९४८ च्या ऑगस्टमध्ये राव भारतात परतले आणि १९४९ साली, वयाच्या तिशीआधीच, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक झाले. पुढील तीन दशके ते त्या संस्थेच्या अध्ययन-संशोधनाचे सूत्रधार होते. १९५९ साली संसदेच्या कायद्याने संस्थेस पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १९६० पासून तेथे संख्याशास्त्राचे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. यात राव यांचा वाटा फार मोठा होता. १९६५ साली प्रसिद्ध झालेला रेषीय अनुमानावरील त्यांचा ग्रंथ जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. शेतीवरील प्रयोगांची आखणी करण्यासाठी त्यांनी चाळीसच्या दशकात रचलेले ‘लंबकोनी मांडणी’चे तक्ते पुढे जपानमधील गेनिची तागुची यांनी कारखान्यातील मालाचा दर्जा सुधारण्यासाठी वापरले. भाताच्या वाफ्यासाठी केलेली युक्ती मोटारींच्या कारखान्यात कामी आली.

त्यांच्या अध्यापनाचे वैशिष्ट्य असे, की शिष्याने आपल्याच वाटेने यावे असा त्यांचा हट्ट नव्हता. पन्नास-साठच्या दशकांत व्ही. एस. वरदराजन, आर. रंगा राव, के. आर. पार्थसारथी आणि एस. आर. एस. वरधन असे चार तरुण त्यांच्या छत्राखाली एकत्र आले. या चौघांचे मन उपयोजित संख्याशास्त्रापेक्षा शुद्ध संभाव्यताशास्त्रात रमत होते. तो राव यांचा स्वतःचा प्रांत नव्हता. तरीही त्यांनी मुलांना अडविले नाही. उलट एकमेकांना शिकविण्यास मोकळे सोडले. १९६२ साली रशियन गणिती कोल्मोगोरोव संस्थेत आले असता वरधन यांनी त्यांच्यासमोर आपल्या संशोधनाचे विवेचन केले. याच वरधन यांना २००७ साली गणितातील अत्युच्च समजले जाणारे आबेल पारितोषिक मिळाले. आपल्यापेक्षा वेगळे काही शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला बळ देणे हे शिकविण्याहून अवघड असते, हे अध्यापनाचा अनुभव असलेला कोणीही मान्य करील.

मीठ खोटे बोलत नाही

राव यांचा जीव अवघड सूत्रांत जितका रमे तितकाच साध्या माणसाला समजेल अशा उदाहरणांतही रमे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॅटिस्टिक्स अँड ट्रूथ’ या त्यांच्या व्याख्यानसंग्रहात अशी कितीतरी उदाहरणे आहेत. त्यांतील एक १९४७ सालच्या दिल्लीचे. फाळणीच्या दंगलीत अल्पसंख्य समाजातील असंख्य लोकांनी लाल किल्ल्याच्या आवारात आश्रय घेतला होता. त्यांना जेवण पुरविण्याचे काम ठेकेदारांना दिलेले होते आणि ठेकेदार भरमसाट बिले लावीत होते. आत माणसे किती आहेत हे मोजणे त्या वातावरणात शक्य नव्हते. सरकारने संख्याशास्त्रज्ञांना पाचारण केले.

त्यांनी किल्ल्यात पाऊल न ठेवता, ठेकेदारांनीच दिलेली बिले मागविली. एक माणूस दिवसाला किती तांदूळ, किती डाळ आणि किती मीठ खातो याचे अंदाज घरखर्चाच्या पाहण्यांवरून ठाऊक होतेच. बिलातील वजनाला त्या मापाने भागले की माणसांची संख्या मिळणार. तिन्ही जिनसांवरून तीन निरनिराळे आकडे आले. तांदळावरून काढलेला आकडा सर्वांत मोठा, मिठावरून काढलेला सर्वांत लहान. तज्ज्ञांनी मिठाचा आकडा विश्वासार्ह धरला. कारण उघड होते. मिठाला किंमत ती काय. त्यात वजन फुगवून ठेकेदाराला मिळणार काय? लबाडी झाली असेल तर ती महाग जिनसांत. हुमायूनच्या कबरीजवळील छावणीत या पद्धतीचा पडताळा पाहिला तेव्हा ती खरी उतरली. आकड्यांच्या मागे माणूस असतो आणि माणसामागे लोभ असतो, हे ओळखल्याशिवाय आकडा वाचता येत नाही, हा या कथेचा बोध.

दुसरे उदाहरण वर्गातले. राव ज्या ज्या ठिकाणी व्याख्यानास जात तेथे विद्यार्थ्यांना विचारीत, की तुमच्या घरी, तुम्हाला धरून, भाऊ किती आणि बहिणी किती? पुणे, हैदराबाद, दिल्ली, अहमदाबाद आणि परदेशातील कितीतरी शहरांतून त्यांनी हे आकडे गोळा केले. मुलगे विद्यार्थी घेतले की सर्वत्र भावांची संख्या बहिणींपेक्षा पुष्कळच अधिक भरे. जगात सगळीकडे मुलगेच अधिक जन्मतात की काय? राव हसून सांगत, की भावांच्या एकूण संख्येतून वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या वजा करा. तसे केले की भाऊ व बहिणी जवळजवळ सारख्या निघत. ज्या घरात मुलगाच नाही ते घर मुलग्यांच्या वर्गात कधी पोहोचतच नाही, आणि ज्या घरात मुलगे अधिक ते घर पोहोचण्याचा संभव अधिक. ग्रंथालयात आलेल्यांनाच ‘तुम्ही वाचता काय’ असे विचारून गावात सगळेच वाचतात असा निष्कर्ष काढण्यासारखी ही चूक. रंजक वाटणाऱ्या या निरीक्षणातून राव यांनी १९६५ साली ‘भारित वितरणां’चा गंभीर सिद्धांत मांडला. वन्य प्राण्यांची गणना करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो; कारण मोठा कळप दुरूनही दिसतो, एकटे जनावर नजरेतून निसटते.

दुसरे आयुष्य

२८ जून १९७२ रोजी महालनोबीस यांचे निधन झाले आणि संस्थेची धुरा राव यांच्याकडे आली. प्रशासनाचा भार वाहूनही त्यांचे संशोधन थांबले नाही. १९७९ साली, इतर लोक निवृत्तीचे वेध लागलेले असतात त्या वयात, ते अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. १९८८ पासून ते पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात प्राध्यापक होते. सन्मान येत राहिले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना १९६७ साली व पद्मभूषण १९६८ साली मिळाले होते. २००१ साली पद्मविभूषण मिळाले आणि अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदकही. २००७ साली हैदराबाद येथील विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या नावाने गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्राची एक संस्था उभी राहिली.

त्यांचे मन केवळ आकड्यांत नव्हते. शास्त्रीय नृत्याची, विशेषतः कुचिपुडीची, त्यांना मनापासून आवड होती.  बागेत झाडे लावणे आणि छायाचित्रे काढणे हे त्यांचे विरंगुळे होते. पत्नी भार्गवी मानसशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. १९४८ साली सुरू झालेला हा संसार २०१७ साली भार्गवींच्या निधनापर्यंत, म्हणजे जवळजवळ सात दशके चालला. अखेरची वर्षे राव कन्येजवळ बफेलो येथे राहिले.

२०२३ सालचे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र पारितोषिक राव यांना जाहीर झाले. संख्याशास्त्रातील नोबेल असा या पारितोषिकाचा लौकिक आहे. निवडसमितीने आधार घेतला तो १९४५ सालच्या त्या निबंधाचा. लेखकाचे वय तेव्हा १०२ वर्षांचे होते आणि निबंधाचे ७८. ऑटावा येथील जागतिक परिषदेत जुलैमध्ये पारितोषिक प्रदान झाले. पुढच्याच महिन्यात राव गेले.

मर्यादेचे ज्ञान

राव यांच्या जीवनकार्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे म्हणता येईल, की अज्ञानाला त्यांनी माप दिले. आपले ज्ञान अनिश्चित असते हे सर्वांनाच ठाऊक असते. पण ते नेमके किती अनिश्चित आहे हे कळले, की तेच ज्ञान व्यवहारात वापरता येते, ही त्यांची शिकवण. ज्योतिषी निश्चित सांगतो आणि चुकतो. संख्याशास्त्रज्ञ आपण किती चुकू शकतो ते आधी सांगतो. या सांगण्यात नम्रता आहे आणि प्रामाणिकपणाही आहे. दुष्काळाचे अंदाज, दारिद्र्याची रेषा, प्रदेशाचा अनुशेष, औषधाची परिणामकारकता, या सर्व गोष्टींत माणसांचे जीवनमरण अशा प्रामाणिकपणावर अवलंबून असते.

त्या शोधाचा उगम पाहिला तर तेथेही हेच दिसते. वर्गात प्रश्न आला तेव्हा शिक्षकाला आपल्या ज्ञानाची मर्यादा कळली. ती झाकण्याचे मार्ग अनेक होते. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आहे असे म्हणून विषय पुढे नेता आला असता. वर्गातली आब राखण्यासाठी विद्यार्थ्याला गप्प बसविता आले असते. राव तो प्रश्न घरी घेऊन गेले. ज्याने आईने लावलेल्या दिव्यापुढे पहाटे चारला बसून अभ्यास केला होता, तो एका रात्रीची झोप एका प्रश्नासाठी सहज देऊ शकला.

कलकत्त्याच्या त्या वर्गात दोन समवयस्क तरुण होते, एक फळ्यापाशी आणि एक बाकावर. एकाची भाषा तेलुगू, दुसऱ्याची मराठी. दोघांच्याही वाट्याला आलेले शहर परके आणि काळ दुष्काळाचा. त्यांच्यातील एका प्रश्नोत्तराने भारतीय विद्येच्या इतिहासात मोलाची भर घातली. हैदराबादच्या त्या रस्त्यावरील पाटीवर उत्तर देणाऱ्याचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. त्या पाटीखालून जाताना प्रश्न विचारणाऱ्या सातारच्या त्या विद्यार्थ्याचीही आठवण मराठी माणसाने ठेवावी. गुरूने ती अखेरपर्यंत ठेवली होती.